रिकामी दिसलेली जागा

ट्युनिशियाच्या किनाऱ्यापासून थोडं आत असलेल्या एका छोट्या गावाचा मी तज्ज्ञ आहे. गावात कधी पाऊल ठेवलेलं नाही, ही किरकोळ बाब. अमेरिकेत, शुगर लँडमधल्या घरी एसी लावून, उपग्रहाचे फोटो बघत मी त्या गावाची पाणीयोजना आखत होतो. दर वर्षी तीन-चार नवी छपरं दिसली की बायकोला सांगायचो, "आमच्याकडे यंदा पण घरं वाढली."

"आमच्याकडे? यार, शेजारच्या काकांचं नाव तरी माहितीये का तुला?"

पंपहाऊसला जागा हवी होती. मशिदीमागे ऐसपैस मैदान दिसलं. तीन वेगवेगळे फोटो पाहिले, तिन्हींत रिकामं. मी तिथे लाल चौकोन काढला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

व्हिडिओ कॉलवर तिथल्या नगरपालिकेचे वयस्कर इंजिनिअर होते. त्यांनी चौकोन पाहिला, वाद घातला नाही. गुरुवारी त्यांच्या दुपारी फोन करा, एवढंच म्हणाले. शुगर लँडमध्ये तेव्हा सकाळचे सहा.

गुरुवारी ते मोबाइल धरून माझ्या चौकोनात शिरले. पालं ठोकलेली, मिरच्यांचे ढीग, मेंढ्या, आणि माझा पंप जिथे बसणार होता नेमकी तिथेच एक बाई कांद्यांसाठी घासाघीस करत होती. आठवडी बाजार!

माझी आई अशाच बाजारात भाजी विकायची. आमच्या गावात एक साहेब जीपमधून आले, "सहा दिवस तर रिकामीच असते" म्हणाले आणि त्या जागेवर एसटी स्टँड झालं. आई पुढे आयुष्यभर गटाराकडेला बसली. त्या साहेबांना मी लहानपणी पोटभर शिव्या घातल्या होत्या. त्यांनी निदान गाव येऊन तरी पाहिलं होतं.

पंपहाऊस गावाबाहेर हलवलं. पाइप लांबला, मॅनेजर कुरकुरला, मी अडून बसलो. मग मोठ्या रुबाबात आईला फोन केला, "एक बाजार वाचवला बघ."

ती म्हणाली, "बरं झालं रे. पण तो उठवत कोण होतं?"

मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर करतो. आवाज अगदी स्वच्छ येत होता.