तिनं तर 'जावा' म्हटलं होतं

आधीच सांगतो, भूत, चकवा, करणी असल्या गप्पा कुणी काढल्या की मी उठून चालायला लागतो. उदगीरमध्ये पस्तीस वर्षं लग्नाची शूटिंग केली. कॅमेऱ्यात आलं तेच खरं, असला माझा खाक्या. पण हे माझ्यावरच गुदरलंय, म्हणून लिहितोय.

कंधारकडं एका दांडपट्टेवाल्याची गोष्ट सांगतात. एकट्यानं किल्ल्याची वाट अडवली, परत आलाच नाही. त्यावर मी छोटा सिनेमा काढला. मूळ गोष्टीत त्याच्या बायकोचं नावसुद्धा नाही. मी तिला नव्यानं लिहिली, दोघांचं प्रेम लिहिलं. आवाज माझ्या बायकोचा... शकूचा.

शेवटी तो लढाईला निघतो. तिच्या तोंडी मी लिहिलं होतं, "जावा."

शकू अडून बसली. "घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'जावा' म्हणतेत व्हय? 'या' म्हणावं."

"तो मरणार हाय. 'या' म्हणून काय उपयोग?"

"तिला काय ठाऊक?"

मी ऐकलं नाही. तोंड पाडून ती "जावा" म्हणाली. एकच टेक. माईक काढून बॅगेत टाकला, अन् "जातो" म्हणून तणतणत लातूरच्या ऑर्डरला निघालो. मागून दारातून ती काहीतरी म्हणाली, पण मी थांबलो नाही. संध्याकाळी फोन आला — अटॅक. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सिनेमा पुरा केला, कारण तिचा आवाज तेवढाच उरला होता. एडिटिंग करताना तो "जावा" आला की आवाज बंद करायचो.

मागच्या महिन्यात कंधारला एका मंगल कार्यालयात भरदुपारी दाखवला. शेवट नको म्हणून मी बाहेर पायरीवर बसलो. एक बाई डोळे पुसत आल्या.

"भाऊ, बाई 'या' म्हन्ली बगा, अन् त्यो आलाच न्हाई."

"'जावा' म्हणाली ती, मावशी."

"न्हाई ओ, समद्यांनी आईकलं. वाट बघून राहिली ना ती."

घरी येऊन लावला. "या." शकूचाच आवाज, जरा लांबून, दारातून आल्यासारखा. मूळ रेकॉर्डिंग उघडलं, तर तिथं "जावा"च. लातूरचा साउंडवाला म्हणाला, फाईल कुणीतरी बदलली असेल. कुणी? घरात मी एकटा.

उत्तर अजून सापडलेलं नाही. त्या दिवशी दारात ती हेच म्हणाली असेल का... तेही आता कोण सांगणार. हल्ली कुलूप लावायच्या आधी मी "येतो" म्हणतो. आतून काही ऐकू येत नाही. तरी थोडा वेळ थांबतो.