खाडाखोड नसलेला फॉर्म

कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लावून झाली की देशकर मॅडम तिचीच दुसरी प्रत घेऊन मोपेडवरून भोपाळच्या इंद्रपुरी वस्तीतल्या पिठाच्या चक्कीवर यायच्या. चक्कीवाल्याकडून मूठभर पीठ मागून घ्यायच्या, तिथेच पाण्यात कालवायच्या आणि बोटांनी नोटीस भिंतीला चिकटवायच्या. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘कार्यक्रम एवं अवसर’, म्हणजे कार्यक्रम आणि संधी. खाली एखादं व्याख्यान, एखादं शिबिर, कुठल्या तरी शिष्यवृत्तीची शेवटची तारीख.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. गव्हाचा डबा घेऊन मी रांगेत उभी होते. आमच्या कॉलेजातल्या स्त्री अभ्यास केंद्राची नोटीस चक्कीवर कशाला, असं मी विचारलं, तर त्या मागे न वळता म्हणाल्या, “कॉलेजच्या बोर्डासमोर पोरी थांबतात. त्यांना पाठवायचं की नाही हे ठरवणाऱ्या इथं थांबतात.” मग वळून माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “तू काहून नाही येत गं?” पुढच्या मंगळवारी मी केंद्रात गेले.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. राजधानी हलली आणि वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हा त्या फ्रॉकमध्ये होत्या. इतकी वर्षं हिंदीत शिकवूनही बोलणं नागपुरीच राहिलं होतं. ‘काय करून राहिली?’ हे त्यांचं नमस्काराच्या जागी असे, आणि त्याचं खरं उत्तर दिल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. केंद्र म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी खोली. कोपऱ्यात अजून दोन हॉकी स्टिक पडलेल्या होत्या. दर मंगळवारी तिथे कोणी ना कोणी यायचं. कधी वकीलबाई, कधी दाई, एकदा तर बसची कंडक्टर. पाहुणी कोणीही असो, सगळ्यांत जास्त प्रश्न मॅडमच विचारायच्या. आम्ही विद्यार्थिनी आणि त्या प्राध्यापक, पण कुतूहल मात्र त्यांनाच जास्त.

त्या वर्षीच्या नोटिशीत एक मोठा अवसर होता. पुण्याच्या एका संस्थेत मुलाखती घेण्याचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण. आमच्या केंद्रातून एकीलाच जाता येणार होतं. मला जायचंच होतं. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी लहानाची मोठी झाले, सगळं आयुष्य तिथल्या भोंग्यावर चाललेलं, आणि एकटीने रेल्वेत बसण्याची ती पहिलीच संधी होती. बाबा कारखान्यात मोठ्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या मशीनवर होते. त्यांचं म्हणणं, मुलीला तीन आठवडे परगावी पाठवण्याइतकं त्यात काय आहे? मी ठरवलं, आधी निवड होऊ दे, मग घरी भांडू.

निवड फॉर्मवर होणार होती. प्रत्येकीने आपापल्या वस्तीतल्या पंचवीस बायकांशी बोलून त्यांच्या दिवसाचे फॉर्म भरायचे. आधी वाटलं, सोपं आहे. पण काय करता, असं विचारलं की दारातली बाई म्हणायची, “अपन तो कुछ नहीं करते, घर पे ही रहते हैं.” मॅडमनी मग युक्ती सांगितली, भोंग्यांवरून विचार. पहिल्या भोंग्याच्या आधी काय, दुसऱ्यानंतर काय. तसं विचारल्यावर बायका बोलू लागल्या, अडखळू लागल्या, ‘नहीं नहीं, ये काटो’ म्हणत लिहिलेलं खोडायला लावू लागल्या. चोवीस फॉर्म असे भरले. पंचविसावा मी घरी टेबलाशी बसून दहा मिनिटांत भरला.

मॅडम फॉर्म आधी वाचत नसत. खिडकीशी धरून एकेक नुसता बघत. माझ्या गठ्ठ्यातला शेवटचा त्यांनी बाजूला काढला. “यावर एकही खाडाखोड नाही. ही बाई कोण?”

“माझी आई.”

“तरीच,” त्या म्हणाल्या. “ज्या फॉर्मवर खाडाखोड नाही, तो विचारून भरलेला नाही. शुक्रवारी यादी पाठवायची आहे. तोवर हा खरा करून आण, नाहीतर मी दुसरीचं नाव लिहीन.” त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच मला जास्त लाज वाटली. आईच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, स्वतःसाठी काय करावंसं वाटतं? त्यासमोर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘मुलांचं शिक्षण पूर्ण व्हावं.’

दुसऱ्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. आई मेथी निवडत होती. मी कोरा फॉर्म घेऊन समोर बसले. “तुला सगळं ठाऊकच आहे की,” ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, असं धर की मी परक्या घरातून आलेय. तिला हसू आलं, पण ती सांगू लागली. पहिल्या भोंग्याच्या आधी डबा. मग पाणी. मग मला थांबवून म्हणाली, ते खोड, मधे अर्धा तास मी वाचते. काय वाचतेस? तर बाबांच्या खात्यातल्या परीक्षेच्या वह्या. बाबांना बढतीची परीक्षा होती तेव्हा त्यांच्या नोट्स आईनेच सुंदर अक्षरात उतरवून दिल्या होत्या आणि रोज प्रश्न विचारून तयारी करून घेतली होती. हे मला माहीत होतं. पण परीक्षा होऊन इतकी वर्षं झाल्यावरही ती त्या वह्या वाचते, हे माहीत नव्हतं.

शेवटच्या प्रश्नाला तिने आधी काशीयात्रा सांगितली. ती खोडायला लावली. मग म्हणाली, “मला मशीन बघायचंय. चालू.”

मला कळेना. दरवर्षी विश्वकर्मा पूजेला सगळी कुटुंबं कारखान्यात जातातच की. तिने मेथीची काडी खाली ठेवली. “त्या दिवशी सगळी मशिनं बंद असतात. हार घातलेली. बावीस वर्षं मी बंदच लेथ बघतेय. कुठला वेग कशाला लावायचा ते मला पाठ आहे, पण तो फिरताना कसा दिसतो ते ठाऊक नाही.”

मी उत्तर लिहून घेतलं. मी या बाईबरोबर वीस वर्षं जेवले होते.

दुपारी बाबा घरी आले, पानावर बसले. आईने पोळी वाढली आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, “मला कारखाना चालू असताना बघायचाय आणि हिला पुण्याला जायचंय. दोन्हीतलं एक तरी या महिन्यात होऊ दे.” बाबांचा घास हातातच राहिला. कारखान्याचं तिने फॉर्ममध्येही सांगितलंय, असं मी म्हटलं. मग त्यांनी तो मागितला आणि जेवण अर्धवट टाकून सगळा वाचला, खोडलेल्या ओळींसकट.

शुक्रवारी बाबांच्या होकारासह माझं नाव पुण्याला गेलं. मॅडमना तो फॉर्म इतका आवडला की मंगळवारचा पुढचा कार्यक्रम त्यांनी थेट कारखान्यातच ठेवला. परवानगीचे कागद घेऊन बाबा स्वतः दोनदा ऑफिसात गेले. वस्तीतल्या अकरा बायका अंबाड्यावर हेल्मेट घालून आत शिरल्या. लेथ फिरू लागला, तशी आईने फोरमनला काप किती खोल घेता असं काहीतरी विचारलं. तो बाबांकडे बघू लागला, आणि बाबा नुसतेच हसत उभे राहिले. मॅडम आईच्या शेजारी होत्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला आठवतं तसं, तेवढं एकदाच.

पुण्याहून आले ती मी या कामातलीच झाले. लोकांना विचारत हिंडणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. मॅडम निवृत्त होऊन अमरावतीला भाचीकडे निघाल्या तेव्हा मी भेटायला गेले. पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. मी पिशवीतून फॉर्म काढला. इतक्या जणींचे भरून घेतलेत, तुमचा कोणी भरला का, असं विचारलं. त्यांनी खोक्यातून पेन शोधून काढलं. मग म्हणाल्या, “आण इकडे. माझा मीच लिहिते.”

बाकीचे रकाने त्यांनी झरझर भरले. शेवटच्या प्रश्नाशी पेन थांबलं. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा तर अक्षर दिसू नये इतकं गिरवलं. “याचं उत्तर पाठवते तुला,” त्या म्हणाल्या आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

उत्तर आलं नाही. आठ महिन्यांनी भाचीचं पत्र आलं, मॅडम गेल्याचं. मी तो फॉर्म काढला आणि त्यांच्यासारखाच खिडकीशी धरला. गिरवलेल्या रेघांखालून काहीच वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं भेटत होते त्यांना. आधीच विचारायला हवं होतं.