पटावरची सतरा पोरं

"ही वाडीवरची. मागं बसवा. बोलायला लावू नका."

शाळा कमिटीचे अध्यक्ष मास्तरांना हे सांगत होते तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांनी आवाज खाली केला नाही. मी ऐकलं तरी त्यांचं काय बिघडणार होतं? शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे होते, म्हणून आमच्या डोंगरावरच्या वाडीतली सतरा पोरं मी सकाळी ओढा ओलांडून खाली गावात आणली होती. दरवर्षी आणायचो. भातलावणीला माणसं एकमेकांकडे जातात तशीच ही मदत, असं आम्ही समजत होतो. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, गूळखोबरं घ्यायचं, परत यायचं.

साहेबांनी नेमकं माझ्या मुलीला उठवलं. "सात आणि पाच किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, हिला शेरडं मोजायला सांगा. शेपट्या धरून मोजील."

वर्ग हसला. मीही हसलो. हात जोडून हसलो. परतताना आठ वर्षांच्या त्या मुलीने माझा हात न धरताच ओढा ओलांडला.

मी चौथी शिकलेला. आकड्यात सहसा चुकत नाही. पुढचा पावसाळा सरल्यावर मी बावीस घरांचे अंगठे घेतले आणि वाडीतच शाळा मिळावी म्हणून अर्ज केला. ओढ्याला पाणी आलं की चार महिने पोरांना खाली उतरता येत नाही, हे कारण लिहिलं. शाळा मंडळ जाऊन जिल्हा परिषद आली होती. नवे लोक ऐकतील असं वाटलं.

तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाने बसायला बाक दिला. मग हजेरीची नक्कल पुढे सरकवली. "तुमची पोरं तर खालच्या शाळेत रोज येतात. दुसरी शाळा कशाला?"

मी नक्कल वाचली. पुन्हा वाचली. श्रावणातले सगळे दिवस सतराच्या सतरा हजर. आमचा रेडा ओढ्यात वाहून गेला त्या दिवशीही. माझ्या भावाची दोन मुलं उन्हाळ्यातच मुंबईला गेलेली, तीही हजर.

त्या सतरा नावांवर खालच्या शाळेला दुसरा मास्तर मिळाला होता. तो अध्यक्षांचा पुतण्या. त्याच नावांमुळे आम्हाला शाळा नव्हती. आणि 'हजर' म्हणायला पोरांना मीच शिकवलं होतं.

तपासणी पुन्हा आली. पोरं घेऊन या, असा अध्यक्षांचा निरोप आला. मी नाही म्हटलं.

बायको म्हणाली, "खालच्यांशी वाकडं घेताव. दळण त्यांच्याच गिरणीत जातंय, ठावं हाय ना?"

"जात्यावर दळू."

"दळू म्हंजे मीच दळणार," ती म्हणाली. पण अडवलं नाही.

मी एकटाच उतरलो. मास्तर नावं पुकारू लागले. आमच्यातलं पहिलं नाव आलं. मी दारातून म्हटलं, "गैरहजर." दुसरं आलं. "गैरहजर."

अध्यक्ष उठले. "तुला कुणी विचारलं रे?"

"कुणी नाय. साहेब, ही पोरं वर्षातून एकदा येतात. आज तीबी नाय आली. दोघं मुंबईला हायत. ऱ्हायली पंधरा, ती वर वाडीत हायत. मोजायला चला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वर काही आले नाहीत. "लेखी द्या," म्हणाले. लेखी मी आणलंच होतं. सही-तारखेची पोच घेतल्याशिवाय दारातून हललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून गिरणी आम्हाला बंद. चौकशी चालू आहे असं कचेरीतून सांगतात. कुणाची, ते सांगत नाहीत. साहेब गोड बोलतात, म्हणून मी प्रत्येक खेपेला पोच मागतो.

वाडीत शाळा उघडेपर्यंत आमचं एकही पोर कुणाची संख्या भरायला खाली उतरणार नाही. आणि उघडली, तर महिन्याच्या महिन्याला तिची हजेरी मी मागून वाचणार. मास्तर आमच्यातला असला तरी.