चेंबरचं झाकण

"स्वल्प झाकण उघडून बघ की. तुझे वडील हेच काम करायचे ना?"

अक्का जिन्याच्या पायरीवरून बोलल्या. पदर नाकाला. मी खाली, माझ्या भाड्याच्या घरात, घोटाभर मैल्यात उभी. न्हाणीघरातून ते उलटं वर आलं होतं. चटई, पिठाचा डबा, कामावरचे बूट, सगळं त्यात. वर अक्कांकडे आंघोळी चालूच होत्या. त्यांचं पाणी माझ्या घरात उतरत होतं.

अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घराणं, बोलण्यात कानडी मिसळलेलं: 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे बरं. मी सोलापूरची, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला. करारपत्राचं विचारलं तर हसल्या होत्या. "आपल्या माणसांत कागद कशाला गं?" इथल्या रीतीनं पहिल्या दिवशी त्यांनीच माझ्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं. म्हणाल्या, "आता हे घर तुझंच." परमुलखात कुणी मराठीत असं बोललं की माणूस विरघळतं. मीही विरघळले. संक्रांतीला तीळगूळ घेऊन आल्या, शेजारी बसल्या, घरचं विचारलं. मी सगळं सांगितलं. बाप महापालिकेत गटार उपसायचा. एक दिवस चेंबरमध्ये उतरला तो वर आलाच नाही. अक्कांनी डोळे पुसले.

ते डोळे पुसणं मी खरं मानलं.

आठवडाभर मी सांगत होते, चेंबर तुंबलंय, मैला उपसणाऱ्या मशीनवाल्यांना बोलवा. दर वेळी "सरी, सरी." बोलावलं कुणालाच नाही. कशाला बोलावतील? खाली मी होते ना.

आणि मी दाराबाहेरच्या चेंबरवर वाकलेसुद्धा. झाकणाच्या कडीला हात लागला. तेव्हा बापाचा हात आठवला. हाताला वास येतो म्हणून त्यानं मला कधी घास भरवला नाही.

मी उभी राहिले.

"अक्का, घर तुमचं, चेंबर तुमचं. दुरुस्ती तुम्ही करायची. आणि माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे."

"सरी. मग घर सोड."

"सोडेन. आधी राहण्यासारखं करून द्या. तोवर भाडं नाही."

वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार माझ्या दाराशीच आहे. मी तिचं बटण बंद केलं आणि तिथंच पायरीवर बसले. थोड्या वेळानं वरचे नळ कोरडे पडले. आरडाओरडा झाला. मी हलले नाही. संध्याकाळी मशीनची गाडी आली.

मी अजून इथंच आहे. भिंती धुऊन, रंगवून मिळेपर्यंत राहणार. पुढचं घर घेईन ते कागद करूनच, मग मालक कुठल्याही भाषेत गोड बोलो. बाप काय करायचा विचारलं तर तोंडावर सांगेन. माझ्यासमोर डोळे मात्र कुणाला पुसू देणार नाही.