शेजाऱ्यांचा पोहण्याचा तलाव

दादरला आमच्या शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त प्राध्यापक राहत. नातवंडांसाठी त्यांनी मागच्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव बांधला, पण पाणी मनासारखं होईपर्यंत ते कुणाला उतरू देईनात. रोज सकाळी धोतर खोचून काठावर बसत, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत आणि रंग उन्हात धरून बघत. मी कुंपणावरून विचारलं, की म्हणत, "आज जरा आंबट आहे हो, डोळ्यांना झोंबेल." मग सोडा टाकत आणि पुन्हा नळी भरत.

एक दिवस त्यांनीच हाक मारली. "वहिनी, जमलं बघा. उद्या मुलांना पाठवा."

त्याच दुपारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सोडला. डोळे चोळत माणसं आमच्या गल्लीत शिरली. दुपारचं नळाला पाणी नसे. प्राध्यापकांनी फाटक उघडलं आणि एकेकाला हाताला धरून तलावापाशी नेलं. "धुवा डोळे. हे पाणी झोंबायचं नाही," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

संध्याकाळी पाणी पार गढूळ झालेलं पाहून मला वाईट वाटलं. ते मात्र खुशीत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "झोंबलं असं एकही जण म्हणाला नाही."