आक्कांची सावड

आक्कांना प्रश्न पडायचे. इतरांना सर्दी होते तसे. एकदा सुरू झाले की आठवडाभर थांबत नसत. पुण्याजवळ सूसला त्यांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा टेम्पोतून माझी गादी उतरायच्या आतच पहिला प्रश्न आला. "पोरी, तुमच्या परभणीत भात लावत न्हाईत म्हनं. मंग खाता काय?"

गादीमागून संगणक उतरला आणि प्रश्नांना पूर आला.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मी दिवसा हिंजवडीत नोकरी करायची आणि संध्याकाळी खोलीत बसून इंटरनेटवरून व्यवस्थापनाचं कॉलेज. हौस नव्हती. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, पदवी दाखवा नाहीतर दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे परभणी, आणि परभणीत आईने फोटोंसकट तयार ठेवलेली तीन स्थळं. तिघांनाही मिशा होत्या. आणि मी पहिल्याच सत्रात नापास झाले होते.

का झाले, ते आक्कांनी एका संध्याकाळी दारात उभं राहून शोधून काढलं.

"ह्ये कालिज?"

"हो आक्का."

"घंटा कोन वाजवतं?"

"कोणी नाही."

"आन मास्तर भाईर काडत न्हाई?"

"त्यांना मी दिसतच नाही."

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगात गाऊन, डोक्याला तेल, मांडीवर भेळेचा कागद. "दिसत न्हाई म्हनून गाऊनवर कालिजात? अगं, म्हशीची धार काडाया जाताना मी लुगडं नीट नेसती. तिला तरी कुटं कळतंय!"

दुसऱ्या दिवसापासून बरोबर साडेसहाला अंगणात पितळी ताटलीवर उलथनं वाजू लागलं. मी केस विंचरायचे, ड्रेस घालायचा, पायात चपला, गोठ्याला एक चक्कर मारायची आणि मग कॉलेजात, म्हणजे माझ्याच खोलीत, शिरायचं. शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे रोज आरती असते; दोघेजण प्रसादालाही येऊन गेले. पण गंमत अशी, की ओढणीला पिन लावलेलं माणूस व्याख्यान ऐकता ऐकता गादीवर आडवं होत नाही. मी शेवटपर्यंत बसायला लागले.

मग पुढचा प्रश्न. "वर्गात पोरं किती?"

"चाळीस."

"आन डबा कुनासंगं खातीस?"

एकटीच, मी खरं ते सांगून टाकलं. कॉलेजच्या चर्चेच्या पानावर सगळे लिहायचे, पण चेहरा एकाचाही पाहिलेला नव्हता. आक्का हादरल्याच. "चाळीस जनं आन एकाचंबी त्वांड बगितलं न्हाई? आसं एकटीनं शेत निगतं का कुनाचं? सावड कर."

सावड म्हणजे भातलावणीची जुनी रीत. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. मी त्या पानावर विचारलं, सूसजवळ कोणी राहतं का? रविवारी सकाळी तिघं अंगणात हजर: महाळुंग्याचा एक विमा एजंट, लवळ्याच्या विद्यार्थ्यांची मेस चालवणारा एक दादा आणि सूसमधल्याच, आमच्यापासून चार घरांवर राहणाऱ्या, दोन मुलांच्या आई. आक्कांनी चौघांना चहा दिला आणि चौघांनाही प्रश्न विचारले.

सावड जोरात चालली. इतकी जोरात, की आम्ही मोठाच घोळ घातला. चार प्रकल्प होते. सावडच आहे ना, म्हणून प्रत्येकाने एकेक लिहिला आणि तो चौघांनी आपापलं नाव घालून पाठवला. कॉलेजचं पत्र आलं. 'माझ्या मेसमध्ये पोळ्या करपल्या तेव्हा' हे उदाहरण चारही विद्यार्थ्यांनी दिले असून, चौघेही मेस चालवतात काय? गुण शून्य. आठ दिवसांत प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर तोंडी परीक्षा द्यावी, अन्यथा नाव कमी होईल.

मला एकदम तिन्ही मिशा दिसल्या. रडतच आक्कांकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून आधी सूप खाली ठेवलं, मग पोट धरून हसल्या.

"येड्यांनो! सावडीत मानसं लावनीला येत्यात. तुज्या ताटातला भात चावाया कोन येतंय व्हय?"

ते आठ दिवस आम्ही चौघांनी पुस्तक मिटून आक्कांना एकेक धडा समजावून सांगितला. त्या शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "म्हंजी?" पुन्हा सांगितलं की पुन्हा "म्हंजी?" मेसवाले दादा तर घामाघूम झाले. विमा एजंटाला आयुष्यात पहिल्यांदा शब्द सापडेनात. या 'म्हंजी'पुढे परीक्षक फारच गरीब निघाले. मला त्यांनी तीन प्रश्न विचारले, आणि तिन्ही आक्कांनी आधीच विचारून झालेले होते.

पुढे पदवीचा निकाल लागला. नोकरी टिकली, तिन्ही स्थळांनी दुसरीकडे लग्नं केली. आक्कांनी माझे गुण विचारलेच नाहीत.

"चारीबी निगाली का?"

"चारही, आक्का."

"मंग आता माजी पाळी."

त्या जुलैत आम्ही चार पदवीधर त्यांच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे होतो. ते त्यांचं शेवटचं खाचर. मुलांनी जमीन बिल्डरला दिली होती. पुढच्या वर्षी तिथे पाया खणला, त्याच्या पुढच्या वर्षी आक्का गेल्या. अजून ऑफिसात कोणी गुळगुळीत अहवाल वाचून दाखवला, की माझ्या तोंडून "म्हंजी?" निघतं आणि समोरचा घामाघूम होतो.

पण त्या दिवशी घाम माझा होता. सगळ्यांच्या ओळी दोरीत, माझी मात्र बैल मुतल्यासारखी नागमोडी. आक्कांच्या सूनबाई हसल्या आणि माझी रोपं उपटून नीट लावायला वाकल्या. बांधावरून आक्का ओरडल्या,

"हात लावू नगंस गं! वाकडी हाय, पन तिची हाय."