नगराध्यक्ष आल्याशिवाय नाच नाही

आमचा फ्लोरियान बाखान धंद्याने लाकडी पिंपं करणारा, पण पंचक्रोशी त्याला ओळखते ती नाचमंडळींचा म्होरक्या म्हणून. द्राक्षमळ्यात काम करतानाही त्याचे पाय ताल धरायचे आणि त्याची बायको आपोलेना ओरडायची, "अरे, वेली घाबरतात तुला!"

चेक देशातल्या मोरावियातली आमच्या गावची जत्रा परक्या मुलखाला जशीच्या तशी दाखवायची, हे त्याचं जुनं वेड. बोलावणी खूप यायची, पण सगळी नुसत्या नाचाची. कुणी म्हणे दोन गाणी करा, कुणी म्हणे पोरींना फक्त गिरक्या घेऊ द्या. शेवटी फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका गावाने आपल्या लोककला महोत्सवात आम्हाला अख्ख्या जत्रेसाठी अर्धा तास दिला. फ्लोरियान इतका हरखला की बसमध्ये वाटभर गातच होता. मी भलं मोठं बास व्हायोलिन वाजवायला सोबत होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

आता आमच्याकडे जत्रेचा नाच उगाच सुरू होत नाही. म्होरक्याने रोझमेरीची डहाळी आणि वाइनची बाटली घेऊन सरपंचांपुढे जायचं, टोपी काढून परवानगी मागायची. सरपंच हो म्हणाले, रिबिनी बांधलेली तलवार त्यांनी त्याच्या हाती दिली, की मग वाद्यं.

आम्ही मंचावर चढलो. लोक टाळ्या वाजवतायत, आणि फ्लोरियान चौफेर बघतोय.

"इथले नगराध्यक्ष कुठायत?"

दुभाषी होत्या झ्देन्काबाई, आपल्याच मुलखातल्या, तिकडे लग्न करून गेलेल्या. त्यांनी चौकशी केली. "बंदरावर आहेत, काका. बोटीतून मासे उतरवतायत."

"मग बोलवा."

"अहो, कार्यक्रम सुरू झालाय! तुमच्यातल्याच कुणालातरी करा की नगराध्यक्ष."

"गाव त्यांचं. त्यांना न विचारता नाचायला आम्ही काय चोर आहोत?"

झ्देन्काबाईंनी एका पोराला बंदराकडे पिटाळलं. संयोजक घड्याळाकडे बोट दाखवायला लागला. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, पुढे पोर्तुगालची मंडळी नटून उभी होती. आपोलेना दातओठ खात म्हणाली, "फ्लोरियान, या कांजीच्या परकरांत मी उकडून निघालेय. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरलास ते हातचं घालवतोयस, कळतंय का?"

"कळतंय. पण परवानगी गाळली तर दाखवायचं तरी काय?"

जवळजवळ अख्खा अर्धा तास वाट बघण्यातच गेला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हाताला माशाचे खवले, असे केरमारेकसाहेब, म्हणजे नगराध्यक्ष, मंचावर आले. फ्लोरियानने टोपी काढली, डहाळी आणि बाटली पुढे केली, तलवार त्यांच्या हाती ठेवली आणि आमच्या बोलीत रीतसर परवानगी मागितली. झ्देन्काबाईंनी अर्थ सांगितला. साहेबांनी अंगरख्याला हात पुसले, चेहरा गंभीर केला आणि विचारलं,

"मारामाऱ्या तर होणार नाहीत ना?"

अहो, आमचे सरपंच दरवर्षी नेमकं हेच विचारतात! या साहेबांना कुणी शिकवलं होतं? मंडळी खो खो हसायला लागली. फ्लोरियानचे मात्र डोळे भरून आले.

"जबाबदारी माझी," तो म्हणाला.

साहेबांनी तलवार परत दिली. आमच्या वाट्याला एकच नाच उरला होता. साहेब आपोलेनाबरोबर नाचले, बुटांनी तिची बोटं चेचली, आणि ती म्हणाली, "नवऱ्यापेक्षा बरे नाचतात हो!"

उतरताना मी फ्लोरियानला म्हटलं, "बाकीची गाणी राहिली की रे."

"गाणी कुठेही होतात," तो टोपी घालत म्हणाला. "जत्रा झाली आज."

आता दर शरदात साहेबांच्या गावचे बॅगपाइपवाले आमच्याकडे जत्रेला येतात आणि फ्लोरियानच्या तळघरात पिंपांमध्ये पथाऱ्या टाकतात. आपोलेना म्हणते, निम्मी वाइन तेच संपवतात. फ्लोरियान म्हणतो, संपू दे.